वीस चौकोन, ऐंशी खुंट्या

तृप्ती बोरस्तेने आयुष्यातला पहिला चोर पकडला तो पेठच्या पुढे, करंजीपाड्याच्या टेकडीवर. ऐन श्रावणात, भर दुपारी आणि मुद्देमालासकट.

चोर पाठमोरा उभा होता. खांद्यावरून निळं प्लास्टिक पांघरलेलं, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पायांना लाल चिखल. आणि काखेत खुंट्यांची मोळी! बांबूच्या, वीतभर लांब, टोकाला लाल रंग दिलेल्या. पंचवटीतल्या घराच्या गच्चीवर बसून, आईची बोलणी खात तिने स्वतः त्या एकेक रंगवल्या होत्या. न ओळखायला काय झालं?

“ओ! त्या माझ्या आहेत!”

तो वळला. दचकून वगैरे नाही, सावकाश. तिच्याच वयाचा, सावळा, भुवयांवर पावसाचे थेंब... आणि चेहऱ्यावर अपराधाचा मागमूसही नाही.

“माहितेय,” तो म्हणाला. “तुम्हाला जीपमधून उतरताना बघितलं, म्हणून तर घेऊन आलो. मोजून घ्या. ऐंशी आहेत.”

“पण उपटल्या कुणी?”

“मी.”

“आणि वर तोंड करून सांगताय?”

“मग काय, खोटं सांगू?”

चोराच्या उलट्या बोंबा तिने ऐकल्या होत्या. चोराच्या सरळ उत्तराला काय म्हणायचं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. ती तिथेच एका ओल्या दगडावर बसली आणि तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

त्याला कारणही तसंच होतं. तृप्ती नाशिकच्या एका कॉलेजात पर्यावरणशास्त्राच्या एम.एस्सी.ला होती, शेवटच्या वर्षाला. टेकडीच्या एका अंगाला गुरं चरतात, दुसरं अंग गावाने राखलेलं. तर कुठल्या अंगाला किती जातींचं गवत नि फुलं उगवतात, हा तिच्या प्रबंधाचा विषय. त्यासाठी तिने टेकडीवर वीस चौकोन आखले होते. मीटरभर लांब, मीटरभर रुंद, चार कोपऱ्यांना चार खुंट्या, भोवती लाल सुतळी. दर पंधरा दिवसांनी यायचं आणि त्याच वीस चौकोनांतली एकेक जात मोजायची, थेट दसऱ्यापर्यंत. यातला ‘त्याच’ हा शब्द फार महत्त्वाचा. चौकोन हातभर जरी सरकला, तरी आषाढातलं मोजमाप पाण्यात. मोबाइलवर जागेची खूण होती, पण मोबाइल बिचारा चार पावलं इकडे नाहीतर तिकडे दाखवायचा. आणि गेलेला आषाढ काही परत येणार नव्हता.

“रडू नका,” तो जरा गडबडला. “मला सांगा, कसला सर्वे आहे? धरण?”

“गवत.”

“काय?”

“गवत मोजते मी! गवत आणि फुलं. किती जातींची आहेत ते.”

मग त्याच्या ओठांचा एक कोपरा हलला. “गवत मोजायला... एस.टी.चं तिकीट काढून येता?”

“हसायला काय झालं?”

“मी नाही हसत. पण पाड्यावर चार दिवस बैठका चालल्या होत्या. कुणी म्हणे धरण, कुणी म्हणे रिसॉर्ट. गवत कुणाच्याच डोक्यात आलं नाही.” मग तो गंभीर झाला. “आमच्याकडे आधी खुंट्या येतात, मग नकाशा येतो, मग साहेब. तुम्ही आलात, कुणाला विचारलं नाही, सांगितलं नाही. ऐंशी खुंट्या ठोकल्या, लाल दोरा बांधला आणि गेलात. गावाने काय समजायचं?”

तृप्तीने मान खाली घातली. तिच्याकडे कॉलेजचं पत्र होतं, वनरक्षकाची परवानगी होती. पण खाली वीस-पंचवीस घरं होती, त्यांतल्या एकाही दारात ती थांबली नव्हती. न विचारता गृहीत धरायची तिची खोड जुनीच. घरात तिला त्यावरून रोज ऐकावं लागे.

“चुकलंच माझं,” ती म्हणाली. “पण आता काय उपयोग? जागा गेल्या.”

“कशा जातील? या.”

तो पुढे निघाला. दहा-बारा पावलांवर खाली वाकला, गवत बाजूला सारलं. लाल मातीत एक पांढरीशुभ्र गारगोटी अर्धी रुतलेली. त्याने ती बोटाने काढली, खाली भोक तसंच होतं. त्यात त्याने खुंटी बसवली आणि मुठीने ठोकली.

“दुसऱ्याची खुंटी उपटावी लागली, तर भोकात दगड ठेवावा, असं माझा बाप सांगायचा,” तो म्हणाला. “उद्या चूक आपली निघाली, तर परत लावता येते.”

ऐंशी भोकं, ऐंशी गारगोट्या! अडीच तासांत त्याने वीसच्या वीस चौकोन उभे केले. तिने मोबाइलमधला आषाढातला फोटो उघडून पहिला चौकोन ताडून पाहिला. डाव्या कोपऱ्यातला तो इवलासा खडक सुतळीपासून बरोबर तीन बोटांवर. केसाचाही फरक नाही.

“थँक्यू,” ती पुटपुटली. “हा कोपऱ्यातला गुलाबी... इम्पेशन्स...”

“बाल्समिना,” त्याने पुरं केलं. “तेरडा.”

तिने झटकन वर पाहिलं. “तुम्हाला कसं...?”

“पेठच्या कॉलेजात बॉटनी केलंय. बी.एस्सी. झालो.” तो हसला, या वेळी दोन्ही कोपऱ्यांनी. “लखन गावित. तुम्ही विचारलंच कुठे?”

---

पुढच्या खेपेला तृप्ती आधी पाड्यावर गेली. वही उघडून घरोघर दाखवली, फोटो दाखवले. लखनच्या आईने, मंगलाबाईंनी, सगळं नीट ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला.

“आरं देवा! एवढी शिकली-सवरलेली पोर आन् गवत मोजते. पगार देत्यात का त्याचा?”

“नाही, मावशी.”

“मंग भाकर तरी खाऊन जा.”

नागलीची भाकर, कुर्डूची भाजी आणि डोळ्यांतून पाणी काढणारा ठेचा. त्या दिवसापासून दर दुसऱ्या शनिवारी टेकडीवरून उतरताना खालून हाक यायची, “झालं का गवत मोजून?” आणि तृप्ती वरून ओरडायची, “झालं, मावशी!” मग चुलीपुढे पान मांडलं जायचं.

लखन सोबत असायचाच. घरच्या भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, उरकून चिखलाचे पाय तसेच घेऊन यायचा. ती शास्त्रातलं नाव सांगायची, तो गावातलं. तिला जे दहा पुस्तकांत सापडलं नव्हतं ते त्याला तोंडपाठ. कुठलं गवत गुरं आवडीने खातात, कुठलं नुसतं हुंगतात, कुठली भाजी कोवळी असतानाच खुडायची. तिला तो ‘मॅडम’ म्हणायचा, मुद्दाम. ती चिडते हे त्याला दुसऱ्याच खेपेला कळलं होतं.

“मॅडम, तुमची एक जात मोजायची राहिली.”

“कुठली? शक्यच नाही. एकोणीस आहेत, मी दोनदा बघितलं.”

“ही काय, तुमच्यासमोरच बसलीये. दोन पायांची.”

तृप्तीने वहीतून मान वर केली नाही. कानाच्या पाळ्या मात्र लाल झाल्या. “चौकोनाबाहेरचं मोजत नाहीत,” ती म्हणाली.

“नियम आहे?”

“हो.”

“कडक आहे हो तुमचं शास्त्र...”

आणि मग तो भाद्रपदातला शनिवार आला. अकराव्या चौकोनापाशी आभाळ एकदम अंगावर आलं. पाऊस असा की हात पुढे केला तर बोटं दिसेनात. तृप्तीची छत्री वाऱ्याने उलटी झाली आणि उतारावरून गडगडत गेली. लखनने अंगावरचं निळं प्लास्टिक ओढून काढलं आणि... तिच्यावर नाही, तिच्या वहीवर धरलं!

ती नखशिखांत भिजत होती, तोही भिजत होता. मध्ये त्या दोघांच्या हातांच्या मांडवाखाली वही तेवढी कोरडी.

“आणि मी?” ती ओरडली.

“तुम्ही वाळाल!” तोही ओरडला. “वही नाही वाळणार!”

तिला हसू फुटलं. पावसाचं पाणी तोंडात जात होतं तरी हसू थांबेना. आजवर तिला भेटवस्तू देणारे भेटले होते, कॅन्टीनमध्ये कॉफी पाजणारे भेटले होते. आपल्याला काय जपायचंय हे ओळखून नेमकं तेच जपणारा कुणी भेटला नव्हता. त्या क्षणी, गुडघाभर ओल्या गवतात, तृप्ती बोरस्ते प्रेमात पडली. तिला ते स्वच्छ कळलंसुद्धा. फक्त ते समोरच्याला कसं सांगायचं, हे कळेना.

त्यानंतर गंमत झाली. एका चौकोनाला दहा मिनिटं लागायची, ती वीस लागू लागली. तिच्या गाइड उज्ज्वला मॅडमनी वही पाहून विचारलं, “काय गं, मोजायला इतका वेळ? जाती फार वाढल्या का?”

“हो, मॅडम,” तृप्ती म्हणाली. अगदीच खोटं नव्हतं ते.

---

सप्टेंबर सरताना टेकडी सोनकीने पिवळीधमक झाली. लोक मोबाइल घेऊन धावतील असं दृश्य, पण तृप्तीला ते नकोसं झालं. सोनकी फुलली म्हणजे पाऊस आवरत आला. पाऊस संपला की मोजणी संपली, मोजणी संपली की खुंट्या काढायच्या. मॅडमचा दंडक होता, रान जसं मिळालं तसं परत द्यायचं. आणि खुंट्या निघाल्यावर करंजीपाड्याला यायचं ते कुठल्या निमित्ताने?

त्यातच मंगलाबाई भाकर थापता थापता बोलून गेल्या, “दसरा झाला का आमची टोळी निघंल. औंदा लखन बी येतोय कामाला.”

तृप्तीने हातातला घास परत पानात ठेवला. टोळी निघणार म्हणजे लांब... गुजरातेत कुठेतरी, कारखान्यांच्या बाजूला. पत्र्याच्या खोल्या, बारा-बारा तास काम, मोबाइलला रेंज नाही. सगळं चित्र तिने दोन घोटांत मनाशी रंगवून टाकलं. लखनकडे पाहिलं, तर तो चुलीतली लाकडं सारखी करत होता.

“तुमचंही काम संपेलच की,” तो म्हणाला.

“हो... शेवटचं रीडिंग राहिलंय.”

“आधीही लोक आले होते. एकजण पाखरं मोजायला, एक बाई झऱ्यांचं पाणी तपासायला. चांगली माणसं होती. जाताना म्हणाले, परत येऊ.”

“आले?”

“काम झालं होतं ना त्यांचं.” त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, तेच तिला जास्त लागलं. ‘मी तशी नाही’ हे शब्द तिच्या जिभेवर आले, घुटमळले... आणि पाण्याच्या घोटाबरोबर परत गेले. नुसतं म्हणायला तर पाखरंवालाही म्हणालाच होता.

दसऱ्याच्या आदल्या शनिवारी ती आली, तेव्हा जीपच्या थांब्यावर लखन नव्हता. टेकडीवरही नव्हता. पाड्यावर तिने कुणाला विचारलं नाही. ती एकटीच कामाला लागली. मोजायचं, लिहायचं, चार खुंट्या उपटायच्या. मोजायचं, लिहायचं, उपटायच्या. ऊन कोवळं होतं, वारा गोड होता, फुलपाखरं नुसती उधळली होती, आणि तृप्तीला त्या सगळ्याचा राग येत होता. निरोप घ्यायलाही न येण्याइतकं काय केलं होतं तिने? पण मग तिने तरी काय सांगितलं होतं त्याला?

एकोणीस चौकोन झाले. शहात्तर खुंट्यांची मोळी बांधून ती माथ्यावरच्या मोहाच्या झाडाकडे वळली. विसाव्या नंबरचा चौकोन तिथे होता.

तिथे काहीच नव्हतं. सुतळी नाही, खुंट्या नाहीत, नुसतं डोलणारं गवत.

“आता हे काय!” ती धावली, गुडघ्यांवर बसली, दोन्ही हातांनी गवत बाजूला केलं. एका कोपऱ्यात पांढरी गारगोटी. दुसऱ्या कोपऱ्यात गारगोटी. तिसऱ्यात, चौथ्यात...

तृप्तीचे हात थांबले.

“उपटल्या कुणी?” मागे न बघताच तिने विचारलं.

“मी.” मोहाच्या खोडामागून आवाज आला.

“माझं रीडिंग व्हायचं होतं!”

“माहितेय. परत लावून देतो.” लखन पुढे आला. स्वच्छ पांढरा शर्ट, भांग पाडलेला, हातात चार खुंट्या. “एकेक करून. सावकाश...”

“हा काय प्रकार आहे?”

त्याने खुंट्यांकडे पाहिलं. “मला तुमच्यासारखं बोलता येत नाही. सकाळपासून इथे बसून पाठ करत होतो, तुम्ही दिसलात आणि सगळं विसरलो. भोकात दगड ठेवला की खुंटी परत लावता येते. एकोणीस चौकोन तुमच्या शास्त्राचे. हा एक... याचं काम संपलं, असं नका लिहू. पुढच्या पावसात परत लावायला या. एवढंच.”

तृप्ती उठून उभी राहिली. जन्मभर तिने न विचारता गृहीत धरलं होतं. आज मात्र ती विचारणार होती, मग टेकडी इकडची तिकडे होवो.

“एक विचारू?”

“विचारा.”

“मी आवडते तुला?”

‘तुला’ ऐकून त्याच्या हातातल्या दोन खुंट्या खाली पडल्या. “जुलैपासून,” तो म्हणाला.

“जुलैत कसं? जुलैत तर मी तुला पाहिलंही नव्हतं!”

“मी पाहिलं होतं. मुसळधार पावसात एकटी पोरगी ऐंशी खुंट्या ठोकत होती, आणि प्रत्येक खुंटी ठोकताना खालचं रोपटं हाताने बाजूला धरत होती. राग खुंट्यांवर होता. ठोकणारीवर नव्हता.”

“मग इतके दिवस सांगितलं का नाहीस?”

“तू विचारलंच कुठे?”

तृप्ती रडत रडत हसली की हसत हसत रडली, तिलाच ठाऊक. “मला तू आवडतोस, लखन. खूप. ती वही भिजू दिली नाहीस ना, त्या दिवसापासून. मी तो पाखरंवाला नाहीये. मी येणार आहे.” तिने नाक पुसलं. “आता दुसरा प्रश्न. तुमची टोळी गुजरातेत नेमकी कुठे जाते?”

“गुजरात?” तो गोंधळला. “गुजरात कुठून आलं? आम्ही मोहाडीला चाललोय. दिंडोरीच्या. द्राक्षाच्या छाटणीला.”

“मोहाडी?” ती किंचाळलीच. “अरे, पंचवटीतून स्कूटीवर अर्धा तास! आणि मी गेले पंधरा दिवस उशीत तोंड खुपसून...”

“म्हणून तर यंदा निघालो,” लखन मातीकडे बघत म्हणाला. “नाहीतर दोन वर्षं आई एकटीच जाते, मी घर बघतो. या वर्षी म्हटलं... तुझ्या गावाच्या जवळ तरी असेन. भेटशील, न भेटशील.”

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. तृप्तीने पुढे होऊन त्याचा मातकट हात धरला. दोघांच्याही तळव्यांना एकाच टेकडीची लाल माती होती. घरी सांगायचं म्हणजे आधी वादळ आणि मग बऱ्याच दिवसांनी चहा, हे तिला दिसत होतं. होईल ते होईल. तेही विचारून, सांगून, सरळ करायचं, असं तिने ठरवलं.

मग दोघांनी मिळून चार खुंट्या परत लावल्या, सुतळी ओढली आणि शेवटची मोजणी केली. लखन नावं सांगत गेला, ती लिहीत गेली.

“बावीस,” ती म्हणाली.

“एक राहिली.”

“चौकोनाबाहेरचं मोजत नाहीत.”

“तृप्ती...” पहिल्यांदाच त्याने तिचं नाव घेतलं, आणि ‘मॅडम’पेक्षा ते त्याच्या तोंडी किती छान वाटतं हे तिला कळलं. तिने पेन उघडलं. चौकोन क्रमांक वीस, जाती बावीस. आणि समासात, अगदी बारीक अक्षरात लिहिलं: बाहेर, एक.

त्याने वाकून वाचलं आणि त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. फिटंफाट झाली.

मग तिने स्वतःच्या हाताने चारही खुंट्या उपटल्या आणि चारही भोकांत गारगोट्या दाबून बसवल्या, अंगठ्याने, घट्ट.

खालून, पाड्यावरून, नेहमीची हाक आली. “झालं का गवत मोजून?”

तृप्तीने तोंडापाशी हातांचा कर्णा केला. “नाही झालं, मावशी! पुढच्या पावसात परत यायचंय!”

मग मंगलाबाईंचं हसू टेकडी चढून वर आलं.

“मंग ये की! पर आधी दोघं बी खाली या, भाकर गार झाली!”